औषधविरहित प्रसूतीसाठी प्रसूतिसेवेची निवड

औषधविरहित प्रसूती म्हणजे कळा आपोआप सुरू होऊन, वेदनाशामक औषधे, भूल किंवा कळा वाढवणारी संप्रेरके न वापरता योनिमार्गे होणारी प्रसूती होय. अशा प्रसूतीची इच्छा असणाऱ्या गर्भवतीने कोणत्या डॉक्टरांकडे, परिचारिकेकडे किंवा रुग्णालयात नाव नोंदवावे, या प्रश्नाला महाराष्ट्रात रुग्णालयातील प्रसूती सार्वत्रिक झाल्यानंतर महत्त्व आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) राज्यातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. सिझेरियन शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतींचे प्रमाण २५.४ टक्के होते. आधीच्या फेरीत (२०१५–१६) ते २०.१ टक्के होते. प्रस्तुत लेखात ही निवड महाराष्ट्राच्या, विशेषतः नाशिक जिल्ह्यातील लासलगावसारख्या बाजारपेठेच्या गावाच्या संदर्भात मांडली आहे.

## संज्ञा

बोलीभाषेत ‘नॉर्मल डिलिव्हरी’ हा शब्द सिझेरियन नसलेल्या प्रत्येक प्रसूतीसाठी वापरला जातो. सलाईनमधून ऑक्सिटोसिन देऊन वाढवलेल्या कळा, योनिमुखाला दिलेला छेद व त्यावरचे टाके, चिमट्याने किंवा व्हॅक्यूमने काढलेले मूल या साऱ्यांचा समावेश ‘नॉर्मल’मध्येच होतो. त्यामुळे ‘तुमच्याकडे नॉर्मल होते का?’ या नेहमीच्या प्रश्नाला मिळालेल्या होकारातून औषधविरहित प्रसूतीविषयी काहीच समजत नाही.

पाश्चात्त्य लेखनात औषधविरहित प्रसूती म्हणजे मुख्यतः पाठीच्या कण्यातून दिल्या जाणाऱ्या एपिड्युरल भुलेला नकार, असा अर्थ असतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात परिस्थिती जवळपास उलट आहे. पूर्णवेळ भूलतज्ज्ञांच्या अभावी एपिड्युरल तेथे सहसा मिळतच नाही, म्हणजे वेदनाशमनाच्या अर्थाने बहुसंख्य प्रसूती औषधविरहितच होतात. मात्र कळांचे इंजेक्शन, सक्तीने उताणे झोपवणे, पोट दाबणे, उपाशी ठेवणे आणि सरसकट छेद देणे या गोष्टी अनेक ठिकाणी नित्याच्या झालेल्या आढळतात. वेदना पूर्ण आणि मोकळीक अपुरी, असा हा मेळ आहे. म्हणून येथे सेवेची निवड करताना भूल दिली जाते की नाही यापेक्षा कळांमध्ये हस्तक्षेप केव्हा व कशासाठी केला जातो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

वार पडण्याच्या वेळी अतिरक्तस्राव टाळण्यासाठी दिले जाणारे ऑक्सिटोसिन हा वेगळा विषय आहे. बाळ जन्मल्यानंतर १० युनिट ऑक्सिटोसिन सर्व मातांना द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कळा वाढवण्यासाठीचे ऑक्सिटोसिन आणि हे ऑक्सिटोसिन यांत गल्लत केल्यास ‘मला कोणतेही इंजेक्शन नको’ हा आग्रह जिवावर बेतू शकतो.

## पार्श्वभूमी

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सूतिकागाराची रचना सांगितली आहे, आणि गर्भिणीजवळ अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ व धीर देणाऱ्या स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे. कळा सुरू झालेल्या स्त्रीला मुसळाने धान्य कांडायला लावावे हे मत तेथे अमान्य केले असून, येरझारा घालणे मात्र योग्य मानले आहे. कळ नसताना जोर करू नये, हा इशाराही त्यात आहे. या सूचनांपैकी सोबत, हालचाल आणि अवेळी जोर न करणे या तीन आजच्या शिफारशींतही आढळतात.

एकोणिसाव्या शतकापर्यंत, आणि खेड्यांत त्यानंतरही बराच काळ, बाळंतपण सुईणीच्या हाती होते. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज आजही टिकून आहे. सुईणीच्या काळाकडे पाहताना माता व अर्भकांचे मृत्यू विसरून चालत नाही. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल जन्मानंतर दहा दिवसांतच दगावले आणि हे दुःख त्यांच्या वैद्यकीय शिक्षणामागील एक प्रेरणा मानले जाते. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी सादर केलेला प्रबंध हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावरच होता. डफरिन निधी (१८८५), मुंबईतील कामा रुग्णालय (१८८६) आणि नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह (१९२६) यांमुळे स्त्रियांसाठी रुग्णालये उभी राहिली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने परिचारिका व सुईणकामाच्या शिक्षणाला चालना दिली.

यूरोपात ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३३ मध्ये भीतीमुळे वेदना वाढतात असा सिद्धान्त मांडला. फ्रान्समधील फर्नांड लमाझ यांनी सोव्हिएत संघातील पद्धती पाहून १९५० च्या दशकात श्वसन व पूर्वतयारीवर आधारित पद्धत रूढ केली. मुंबई-पुण्यातील गर्भसंस्कार व लमाझ वर्गांतून हे विचार शहरी मध्यमवर्गापर्यंत पोहोचले. वर्ग मात्र एकीकडे आणि प्रसूती दुसरीकडे, अशी फारकत बहुधा राहिली. वर्गात शिकलेल्या आसनांचा प्रसूतिगृहातील टेबलावर उपयोग होईलच असे नसते.

ग्रामीण महाराष्ट्रातील दोन प्रयोग या विषयात वारंवार उद्धृत होतात. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेने सुईणी व आरोग्यदूत यांना प्रशिक्षण देऊन घरी जन्मलेल्या बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. तिच्यामुळे नवजात बालमृत्यूंत ६२ टक्क्यांनी घट झाल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. गडचिरोलीचा दाखला घरगुती प्रसूतीच्या समर्थनार्थ दिला जातो, पण तो अर्धवट आहे. त्या यशामागे प्रशिक्षित व्यक्तीची उपस्थिती, श्वास न घेणाऱ्या बाळावर तत्काळ उपचार आणि प्रतिजैविकांची इंजेक्शने होती.

## सेवा देणारे

महाराष्ट्रात प्रसूतिसेवा स्त्रीरोगतज्ज्ञ, एम.बी.बी.एस. डॉक्टर, प्रशिक्षित परिचारिका व सहायक परिचारिका-प्रसाविका (ए.एन.एम.) देतात. अनेक गावांत बी.ए.एम.एस. डॉक्टरही ही सेवा देतात. पारंपरिक सुईणीची गणना शासनाच्या व्याख्येनुसार कुशल प्रसूती सहायकांत होत नाही. आशा कार्यकर्ती प्रसूती करत नाही. नोंदणी, पाठपुरावा व रुग्णालयापर्यंत सोबत हे तिचे काम आहे.

यूरोपातील अनेक देशांत गुंतागुंत नसलेली प्रसूती स्वतंत्र प्रसाविका हाताळते. भारतात परिचर्या आणि प्रसाविका यांचे शिक्षण एकत्र झाल्याने ही व्यावसायिक ओळख दीर्घकाळ पुसट राहिली. केंद्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसाविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत अनुभवी परिचारिकांना १८ महिन्यांचे जादा प्रशिक्षण देऊन प्रसाविका म्हणून नेमण्याची योजना आहे. हैदराबादचे फर्नांडिस रुग्णालय या क्षेत्रात देशात अग्रेसर मानले जाते. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियमाने या व्यवसायासाठी नवी नियामक चौकट घालून दिली.

## लासलगाव परिसरातील निवड

लासलगाव हे निफाड तालुक्यातील, मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. येथे शासकीय ग्रामीण रुग्णालय आहे, तालुक्याच्या ठिकाणी निफाडला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि गुंतागुंतीच्या प्रसूती सुमारे ६० किलोमीटरवरील नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाकडे किंवा आडगाव येथील डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयांकडे पाठवल्या जातात. अशा गावात निवड ‘कोणता डॉक्टर चांगला’ एवढ्यापुरती राहत नाही. प्रसूती कोठे सुरू करायची आणि ती अडली तर कोठे न्यायची, अशी दोन टोके असलेली ती निवड असते.

छोट्या शहरांतील खासगी प्रसूतिगृह बहुधा एकाच स्त्रीरोगतज्ज्ञाच्या भरवशावर चालते आणि भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावला जातो. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालू शकतात, तर सिझेरियन तासाभरात आटोपते. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ मिळेल की नाही याची खात्री नसलेला डॉक्टर संध्याकाळीच निर्णय घेऊन मोकळा होतो, यात नेहमी लोभच असतो असे नाही. या रचनेचाच तो परिणाम असतो. दोन्ही प्रकारच्या प्रसूतींच्या शुल्कातील तफावत हेही एक कारण आहेच. शिवाय दबाव दोन्ही बाजूंनी येतो. मुहूर्त साधून सिझेरियन मागणारी कुटुंबे आहेत, कळा सोसवत नाहीत म्हणून शस्त्रक्रियेचा आग्रह धरणारी आहेत, आणि ‘आमच्या घरात कुणाचं सिझर झालं नाही’ असे म्हणून आवश्यक शस्त्रक्रियेला उशीर लावणारीही आहेत.

शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत (२०११) प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व वाहतूक विनामूल्य आहे. तेथे हस्तक्षेपासाठी आर्थिक प्रलोभन नसते, परंतु गर्दीमुळे एकेका बाईजवळ सतत कोणी बसून राहणे परिचारिकेला अवघड जाते.

माहेरच्या रिवाजामुळे निवड आणखी गुंतते. सात-आठ महिने सासरच्या गावी तपासणी आणि ऐन वेळी माहेरच्या डॉक्टरकडे नाव, अशा प्रसंगी नव्या डॉक्टरला गर्भवतीचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. डोहाळजेवणानंतर माहेरी जाताच पहिल्याच आठवड्यात तेथील रुग्णालयाला भेट देणे आणि माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, हिमोग्लोबिन व सोनोग्राफीचे अहवाल सोबत नेणे यासाठीच महत्त्वाचे ठरते. द्राक्ष व कांद्याच्या हंगामात सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतून निफाडकडे मजुरीसाठी येणाऱ्या स्त्रियांची अडचण याहून मोठी असते. त्यांची नोंदणी एका तालुक्यात असते आणि प्रसूती दुसऱ्या तालुक्यात होते. त्यांच्यासाठी सेवेची निवड म्हणजे बहुधा जवळ असलेले ग्रामीण रुग्णालयच असते.

## डॉक्टर व रुग्णालयाविषयी जाणून घ्यावयाच्या बाबी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीकाळातील सेवेसंबंधी शिफारशी प्रसिद्ध केल्या. रुग्णालयाच्या प्रथा ताडून पाहण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. त्यांनुसार कळांचा सक्रिय टप्पा गर्भाशयमुख ५ सेंटिमीटर उघडल्यावर सुरू होतो, आणि पहिलटकरणीत तो बारा तासांपर्यंत चालू शकतो. आई व बाळाची स्थिती चांगली असल्यास ताशी एक सेंटिमीटर या जुन्या मापाने प्रगती मोजून कळा वाढवू नयेत, असे संघटनेने स्पष्ट केले आहे. म्हणून डॉक्टरांना विचारण्याजोगा पहिला प्रश्न असा असतो की, कळा सुरू झाल्यावर दाखल केव्हा करून घेतले जाते? दोन-तीन सेंटिमीटरवरच दाखल करून सलाईन लावण्याची प्रथा असल्यास पुढील हस्तक्षेपांची साखळी तेथूनच सुरू होण्याची शक्यता असते.

दुसरा प्रश्न सोबतीचा. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते व सिझेरियनचे कमी होते, असे कॉक्रेन आढाव्यात (२०१७) दिसून आले आहे. कोणत्याही यंत्राविना साधणारा हा लाभ आहे. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सार्वजनिक आरोग्यसंस्थांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला परवानगी दिली. ही सोबतीण शक्यतो स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली नातेवाईक स्त्री असावी, आणि इतर स्त्रियांच्या खासगीपणाची व्यवस्था असेल तेथे पतीलाही थांबता येते, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात आई किंवा सासूला दाराबाहेर बसवण्याची प्रथा अनेक ठिकाणी चालू असल्याने हे आधीच विचारून घेणे श्रेयस्कर ठरते. कळा देणाऱ्या स्त्रीजवळ कोण असावे, याची निवड तिने स्वतः करावयाची आहे, ही बाब मात्र कुटुंबांत बहुधा दुर्लक्षित राहते.

त्यानंतर उभे राहण्या-चालण्याची व हव्या त्या स्थितीत, उकिडवे किंवा कुशीवर, प्रसूत होण्याची मुभा, पाणी व हलका आहार घेण्याची परवानगी, आणि योनिछेदाचे धोरण यांची चौकशी होते. सरसकट योनिछेद देऊ नये अशी संघटनेची शिफारस आहे. ‘पहिलटकरणीला टाके पडतातच’ हे उत्तर सरसकट छेदाचे द्योतक असते. मूल बाहेर येण्यासाठी पोटावर वरून दाब देणे हेही शिफारशींत बसत नाही. बाळाचे ठोके ठरावीक अंतराने ऐकणे मात्र अत्यावश्यक असते. पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर करण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी ते ऐकले जावेत. औषधविरहित प्रसूतीला पाठिंबा देणारे पण ठोके नियमित न ऐकणारे केंद्र असुरक्षित होय.

एखाद्या डॉक्टरकडील सिझेरियनचे एकूण प्रमाण फसवे असू शकते. गुंतागुंतीच्या रुग्णा पाठवल्या जाणाऱ्या रुग्णालयात ते स्वाभाविकच जास्त असते. त्याऐवजी पहिल्या खेपेच्या, दिवस भरलेल्या, डोके खाली असलेल्या एकाच बाळाच्या आणि आपोआप कळा सुरू झालेल्या स्त्रियांपैकी किती जणींचे सिझेरियन झाले, हे विचारणे अधिक अर्थपूर्ण असते. रॉब्सन वर्गीकरणातील हा पहिला गट आहे. आकडा सर्वांनाच तोंडपाठ नसतो. प्रश्नाला मिळणारी वागणूकही माहिती देते. डॉक्टर ‘तुम्ही काळजी करू नका’ एवढेच म्हणून विषय बंद करतात, की कोणत्या परिस्थितीत आपण हस्तक्षेप करतो हे समजावून सांगतात, यावरून पुढील वागणुकीचा अंदाज येतो. तसेच रात्री प्रत्यक्ष कोण हजर असते, डॉक्टर गावातच राहतात का, आणि ते बाहेरगावी असल्यास कोणाकडे जावे लागते, हेही छोट्या गावात विचारावे लागते. ‘नॉर्मलची शंभर टक्के हमी’ देणाऱ्याबद्दल सावधगिरी बाळगणे योग्य, कारण अशी हमी वैद्यकशास्त्रात देता येत नाही.

## मर्यादा

वार गर्भाशयमुखावर असणे, बाळ आडवे असणे, तीव्र रक्तदाब वा झटके, गर्भाशयावरील पूर्वीचा उभा छेद या स्थितींत औषधविरहित प्रसूतीचा आग्रह धरता येत नाही. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीने योनिमार्गे प्रसूतीचा प्रयत्न करायचा तर तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेलेच रुग्णालय निवडावे लागते. रक्तक्षय ही महाराष्ट्रातील सर्वांत व्यापक अडचण आहे. पाचव्या सर्वेक्षणात राज्यातील सुमारे ४६ टक्के गर्भवतींत तो आढळला. रक्तक्षय असलेल्या स्त्रीला थोडा रक्तस्रावही सोसत नाही, त्यामुळे रक्त कोठे मिळेल हा प्रश्न तिच्यासाठी कळांच्या औषधाहून मोठा असतो.

घरी प्रसूती करण्यास कायद्याने बंदी नाही. मात्र २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील मोठ्या अभ्यासातही, जेथे प्रशिक्षित प्रसाविका व वेगवान रुग्णवाहिका उपलब्ध होत्या, पहिल्या खेपेच्या मातांच्या घरगुती प्रसूतीत बाळांना अधिक धोका आढळला. २०१८ मध्ये तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे चित्रफिती पाहून घरी केलेल्या प्रसूतीनंतर अतिरक्तस्रावाने एका महिलेचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर या विषयावर देशभर चर्चा झाली.

थॅडियस व मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागील तीन विलंब सांगितले: निर्णय घेण्यातला, पोहोचण्यातला व उपचार मिळण्यातला. लासलगावहून नाशिकला न्यावे लागल्यास तिन्ही एकत्र येऊ शकतात. १०८ किंवा १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका, सोबत जाणारी व्यक्ती व रक्तदाता ही तयारी नवव्या महिन्याआधी करण्याचा सल्ला यासाठीच दिला जातो. अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, हिरवट पाणी जाणे आणि ताप ही लक्षणे दिसल्यास कळांची वाट न पाहता रुग्णालयात जावे लागते.

वेदनाशमन मागणे हे अपयश मानले जाऊ नये, असेही अनेक तज्ज्ञ सांगतात. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार एपिड्युरलमुळे सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही. औषधविरहित प्रसूतीचा बेत केलेल्या स्त्रीला कळांच्या दरम्यान मत बदलता येते, आणि तिचे बदललेले मतही मानणारी सेवा तिच्या उपयोगाची असते.

## हक्क व कायदा

केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्यातील खासगी रुग्णालये १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येतात. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या प्रसूतींचे दर नाव नोंदवण्यापूर्वीच पाहता येतात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे द्यावी लागतात. सासर-माहेर अशा बदलात ही तरतूद विशेष उपयोगी पडते.

संमतीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली खटल्यातील २००८ चा निर्णय महत्त्वाचा आहे. एका उपचारासाठी दिलेली संमती, जीव वाचवण्याची तातडी नसल्यास, दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असे त्यात ठरले. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी असते. तरीही संमतीपत्रावर पतीची किंवा वडिलांची सही घेण्याची प्रथा बहुतेक रुग्णालयांत चालू आहे, आणि ऐन कळांच्या वेळी ती सही करणारा माणूस कोठे आहे याची शोधाशोध होते.